मूर्तिजापूरपर्यंतचं विज्ञान

सर निवृत्त झाले त्याला काही दिवाळ्या उलटल्या, पण ते सध्या कुठे आहेत याबद्दल अजून एकमत नाही. कोणी म्हणतं, रिद्धपूरला एका मठाच्या विहिरीत वाकून बघताना दिसले. कोणी म्हणतं, त्याच दिवशी, त्याच वेळेला चांदूर रेल्वेच्या फलाटावर हातात बाटली घेऊन नळाशी वाद घालत होते. अकोल्याचा एक पानवाला तर दर वेळी मला सांगतो, "आत्ताच गेले ना सर, तुमी दोन मिनिटं लेट झाले." मला तिन्ही बातम्या खऱ्या वाटतात. बाकीच्या माणसांना घर असतं, सरांना फक्त दोन थांब्यांमधलं अंतर असे.

त्यांचं काम पाण्याचं. नोकरी अकोल्याच्या एका संशोधन केंद्रात, घर अमरावतीला. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना आमच्याकडे खारपाणपट्टा आहे. वर काळीभोर कसदार जमीन आणि खाली खारट पाणी. तिथल्या चहात किती साखर टाका, तो चहा आणि लिंबू-सरबत यांच्या मध्येच कुठेतरी राहतो. सरांनी आयुष्यभर त्या पट्ट्यातल्या विहिरी, बोअर, हापशा आणि हौद पालथे घातले. पाणी नुसतं जिभेला लावून ते गाव ओळखत. एका लग्नात माझ्यासमोर त्यांनी ग्लास ओठाला लावला, खाली ठेवला आणि मुलीच्या बापाला विचारलं, "टँकर दर्यापूरकडून आला ना?" तो बिचारा इतका घाबरला की त्याने टँकरवाल्याचं नाव, फोन नंबर आणि तो आपला दूरचा साडू लागतो हेही कबूल करून टाकलं.

त्यांच्या खांद्याला कायम एक खाकी पिशवी आणि पिशवीत चोवीस बाटल्या. ते यायच्या आधी आवाज यायचा. एकदा शेजारच्या दारूबंदीच्या जिल्ह्यात शिरताना नाक्यावर हवालदाराने पिशवी उघडायला लावली. बाटल्यांवर कंपनीचं नाव नाही, नुसते आकडे. हवालदाराने एक हुंगली. वास येईना, तेव्हा त्याची खात्री पटली की माल भारी आहे. मग त्याने तपासापुरता एक घोट घेतला. नेमकी ती बाटली पट्ट्यातल्या सर्वांत खारट बोअरची होती. सर सांगत, की त्या हवालदाराचं तोंड चार दिवस सरळ झालं नाही. मी हा किस्सा सांगतो तेव्हा आठ दिवस म्हणतो, कारण तो मला नंतर एकदा भेटला आणि तेव्हाही ते पुरतं सरळ झालेलं नव्हतं.

मी अमरावतीच्या एका दैनिकात तालुक्याचं पान सांभाळतो. सरांची पहिली मुलाखत घ्यायला गेलो तेव्हा त्यांच्या खोलीतली एकमेव खुर्ची बाटल्यांनी अडवलेली होती. ते म्हणाले, "बसून काय बोलायचं, चाल." तेव्हापासून मी त्यांची एकही मुलाखत स्थिर जमिनीवर घेतलेली नाही. प्रश्न राजकमल चौकात विचारायचा, कर्ता इर्विन चौकात मिळायचा आणि क्रियापद हाती येईपर्यंत पंचवटी चौक यायचा. मध्ये ते एखाद्या हॉटेलात शिरून माठातलं पाणी चाखत, तोंड वाकडं करत आणि मालकाशी चार वाक्यं बोलून परत माझ्या प्रश्नावर येत. फोनवर बोलताना त्यांच्यामागे आधी एका मोहल्ल्याची कुत्री भुंकायची, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. कुत्री थांबली की समजायचं, सर गावाबाहेर पडले.

पण त्यांची खरी करामत एसटीत असे.

केंद्रातून कुठलीही माहिती पेपरात जायची असली, की सर ती आधी अकोला-अमरावती बसमध्ये घालत. पद्धत ठरलेली. स्वतः दांडा धरून उभे राहायचे आणि खिडकीतल्या एखाद्या अनोळखी माणसाला आपलं संशोधन सांगायचं. त्याने ते मागच्या सीटवरच्याला सांगायचं. त्याने आणखी मागच्याला. मग सर डुलत डुलत मागे जात, त्या तिसऱ्या माणसाकडून सगळं परत ऐकून घेत आणि त्याचं बोलणं जसंच्या तसं वहीत उतरवत. हे सगळं मूर्तिजापूरच्या आत उरकायचं, कारण तिथे अर्धी बस उतरते.

"पहिल्याले समजलं का नाही, याले काही अर्थ नाही," ते मला सांगत. "पहिला माणूस तोंडावर 'हाव, हाव, समजलं'च म्हणते. तिसऱ्यानं काय आयकलं ते पाहाचं. बापू, तुह्या पेपरात काय छापून येते? तिसऱ्याचंच बोलणं छापून येते. मी तुले सांगतो, तू लिहितो, आन तुहा तो टेबलावरचा हेडिंग देते. झाले ना तीन?"

एकदा त्यांनी जिप्सम टाकल्यावर चोपण, म्हणजे खाराने घट्ट झालेल्या जमिनीत पाणी कसं मुरतं ते सांगितलं. तिसऱ्या सीटवरचा माणूस म्हणाला, "वावरात चुना टाकला की विहिरीले झरा फुटते." सरांनी तिथेच कागद फाडला. त्या एका माहितीपत्रकापायी त्यांनी अकोला-अमरावती सात चकरा मारल्या. सातव्या चकरेला एका म्हातारीने ते असं सांगितलं, की सरांनी तिचं वाक्य तसंच्या तसं छापायला दिलं आणि केंद्रातल्या एका सहकाऱ्याने त्यातल्या 'भुसभुशीत' या शब्दावर लेखी हरकत घेतली. त्या सहकाऱ्याचं स्वतःचं एक वाक्य पाच ओळींचं असे. सर म्हणत, "याचं वाक्य मूर्तिजापूरले तं उतरतच नाही, बडनेऱ्याच्या पुढं गेलं तरी दारातच उभं राहते." कंडक्टर मंडळींना हा प्रकार इतका सवयीचा झाला होता, की तिकीट फाडता फाडता विचारायचे, "सर, आज कोणती हाय? मांगची सोपी होती."

त्यांची आणखीही काही मतं होती. आकडा सांगू नये, घागर सांगावी. म्हणजे अमुक इतके मिलिग्रॅम म्हणण्याऐवजी, एका घागरीत किती चमचे मीठ ते सांगावं. 'शक्यता नाकारता येत नाही' असं बोलणाऱ्या शास्त्रज्ञाला चहा पाजू नये. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे आपलं 'पण' आधी सांगावं. "पेपरवाला खालून कापते," असं ते माझ्याकडे बोट दाखवून नव्या पोरापोरींना शिकवत. "हा माणूस वाईट नाही, पण याच्या हातात कात्री हाय आन जागा कमी हाय. जे कापल्यावर आपला जीव जाईल, ते डोक्यावर ठेवाचं. शेपटात ठेवाचं नाही."

आता इतकं सगळं ज्याला कळत होतं, त्याच माणसाने एका हिवाळ्यात ते शेपटात ठेवलं. आणि त्याला तसं करायला मी लावलं.

गावाचं नाव सांगत नाही. आधीच त्या पट्ट्यातल्या गावांना सोयरीक जमवताना नाकी नऊ येतात, त्यात माझी भर नको. त्या गावात एक जुनी उघडी विहीर आहे आणि त्या हिवाळ्याच्या दोनेक वर्षं आधी खोदलेलं एक खोल बोअर. बोअरचं पाणी टाकीत चढतं आणि नळाने घरोघर येतं. सरांनी दोन्ही पाणी कित्येक महिने तपासलं होतं. मला कुणकुण लागली आणि त्या दिवशी माझ्या पानावर एक बातमी कमी पडत होती, म्हणून मी फोन केला. कुत्री भुंकत नव्हती, नुसता वारा होता. म्हणजे सर शेतात होते.

"थांब बापू," ते म्हणाले. "अजून बसमध्ये घातली नाही. उद्या घालतो, परवा देतो."

मी म्हणालो, "सर, परवापर्यंत दुसरा पेपर छापून मोकळा होईल."

हे खोटं होतं. दुसऱ्या पेपरचा वार्ताहर त्या आठवड्यात मेहुणीच्या लग्नात जिलेबी वाढत होता. पण सर चुळबुळले, माझं नुकसान होईल म्हणून चुळबुळले, आणि चालता चालता बोलून गेले. नव्या बोअरचं पाणी पिण्यालायक नाही, त्यात काय काय आहे, ते वर्षानुवर्षं पोटात गेलं तर मूत्रपिंडावर कसा ताण येतो. आणि शेवटी, जुन्या विहिरीचं पाणी मात्र चालेल, एप्रिल लागेपर्यंत.

मी इमानदारीने सगळं लिहिलं. संध्याकाळी पान लागत असताना एका कोचिंग क्लासची जाहिरात आली. गुणवंतांचे चेहरे असे मोठमोठे, की त्यांना खालची सगळी जागा लागली. टेबलावरच्या उपसंपादकाने माझी बातमी खालून कापली. विहीर गेली, एप्रिल गेला. वर मथळा बसला: 'गावच्या पाण्यात विष?' ते प्रश्नचिन्ह म्हणजे आमच्या धंद्यातलं हेल्मेट. पडलो तरी डोकं वाचतं.

आठवड्याने मला फोन आला. बाईचा आवाज.

"तुमीच का पाण्यात इष हाय म्हनणारे?"

"हो, म्हणजे बातमी माझी आहे. कोण बोलतंय?"

"मी गयाबाई. अंगनवाडीवाली. मंग आता मले सांगा, माही तुरीची डाय काहून शिजून नाही राहिली?"

मला आधी वाटलं, बाईने चुकून पाककृतीच्या पानाला फोन लावायचा तो मला लावला. मग हळूहळू उलगडा झाला. त्या गावात 'बोअर' हा शब्द कोणी वापरतच नाही. घरात येतं ते नळाचं पाणी, आणि नळाचं पाणी दिसायला काचेसारखं स्वच्छ. विहिरीत मात्र पिंपळाची पानं पडतात, कपारीत पारव्यांचं घरटं आहे. पाण्यात विष आहे असं पेपरात आल्यावर ते कुठल्या पाण्यात, हे ठरवायला कोणाला क्षणभरही लागला नाही. ग्रामपंचायतीने दुसऱ्याच दिवशी विहिरीवर लोखंडी जाळी टाकून कुलूप लावलं. सगळं गाव नळावर आलं. म्हणजे जे पाणी पिऊ नका म्हणून सर सांगत होते, तेच आता अख्खं गाव, अंगणवाडीतल्या पोट्ट्यांसकट, माझ्या बातमीवर विश्वास ठेवून पीत होतं. गयाबाई तोवर पोरांची डाळ विहिरीच्या पाण्यावर शिजवायची. नळाच्या पाण्यात ती दोन तास उकळून गोट्यांसारखीच राहत होती.

सरांना सांगायला मी अकोल्याला गेलो. माझी अपेक्षा होती की ते मला पिशवीने मारतील. चोवीस बाटल्या म्हणजे प्रकरण दवाखान्यापर्यंत गेलं असतं. पण ते रागावलेच नाहीत. केंद्राच्या आवाराला त्यांनी अकरा फेऱ्या मारल्या, मी मागे. बाराव्या फेरीला म्हणाले, "चूक माही हाय. विहीर म्या शेपटात ठेवली. तिसरा माणूस कुठं होता त्या वावरात? मीच बोललो आन वाऱ्यानं आयकलं."

दुरुस्ती छापून आली. निविदा सूचनेच्या खाली, मुंगीने वाचावी अशा अक्षरात. ती फक्त सरांनी आणि बहुधा त्या निविदेच्या ठेकेदाराने वाचली.

मग एका स्थानिक चॅनलचा माणूस माइक घेऊन आला. त्याचा बेत साधा होता: शास्त्रज्ञाने कॅमेऱ्यासमोर विहिरीचं पाणी प्यायचं, गोड हसायचं, गैरसमज दूर. मी सरांना हात जोडून सांगितलं होतं, की एवढं करा. त्यांनी दोन ग्लास मागवले, एक विहिरीचा, एक नळाचा. कॅमेरा सुरू झाला. सरांनी विहिरीचा ग्लास रिकामा केला. आणि चॅनलचं पोरगं 'धन्यवाद' म्हणायच्या आत नळाचाही घटाघटा पिऊन टाकला.

"पाहा," ते कॅमेऱ्याकडे चालत येत म्हणाले, इतके जवळ की पुढचं सगळं नुसतं त्यांच्या नाकावर चित्रित झालं, "मले यानंही काही झालं नाही, त्यानंही नाही. एका ग्लासानं काहीच सिद्ध होत नाही. दहा वर्षं प्यायल्यावर मले विचारा."

शास्त्र म्हणून हे शंभर टक्के खरं होतं. चॅनलने दहा वर्षं वगैरे कापलं. क्लिप फिरली: 'शास्त्रज्ञच प्यायले विषारी पाणी'. ती गावाच्या ग्रुपवर पोचली तेव्हा लोकांनी एवढंच पाहिलं, की मोठे साहेब नळाचं पाणी मजेत पितात. आता नळाला प्रमाणपत्रच मिळालं. पारावर चहा प्यायला येणारे लोक नळाचंच पाणी घेऊन बसू लागले, असं गयाबाई फोनवर म्हणाली. तिच्या आवाजात मस्करी नव्हती. "भाऊ, पोट्टे इथं तीन-तीन घंटे राहतात. म्या घरून पाणी आणलं तं तेही नळाचंच. तुमच्या सायबाले म्हना, पेपरात नको, टीव्हीत नको, इथं येऊन सांगा."

त्याच आठवड्यात केंद्राने सरांना पत्र दिलं: यापुढे परवानगीशिवाय माध्यमांशी बोलू नये. मार्चअखेर ते निवृत्त होणार होते. दोन महिने गप्प राहिले असते तर शाल, नारळ, चार भाषणं आणि सन्मान. त्यांनी ते पत्र जिन्यात चालता चालता दोनदा वाचलं आणि माझ्या हातात दिलं.

"गावाशी बोलू नये असं लिहिलं हाय का कुठं?"

"नाही सर."

"मंग गाडी काढ."

माझ्या मोटारसायकलवर ते मागे बसले असं म्हणणं धाडसाचं होईल. अर्धा रस्ता ते पायांवर उभे होते. वाटेत प्रत्येक हापशीशी थांबलो. मारुतीच्या देवळापुढे पोचलो तोवर गाव जमलेलं होतं आणि गयाबाईने मधोमध दोन चुली पेटवल्या होत्या. ही तिची आणि माझी आधीच फोनवर ठरलेली युक्ती. सरांना आम्ही मुद्दाम काही बोललो नव्हतो. सरपंचांच्या मागे लागून तिने जाळी तासभर उघडायला लावली होती आणि विहिरीचं एक पितळी गुंड भरून पाणी काढलं होतं. एका भगुण्यात विहिरीचं पाणी, दुसऱ्यात नळाचं. दोन्हींत सारखी तुरीची डाळ, सारखं सरपण. मी मोबाइल काढून चित्रीकरण सुरू केलं.

दीड-दोन तास गाव डाळीकडे बघत बसलं. क्रिकेटच्या सामन्याला एवढी शांतता नसते. सर या चुलीपासून त्या चुलीपर्यंत येरझारा घालत होते. मधल्या पट्ट्यातली धूळ उडून खाली कडक जमीन लागली. शेवटी गयाबाईने पळी घातली. विहिरीची डाळ मेणासारखी झालेली. नळाची डाळ पळीवर टणटण वाजली.

सरपंच उठले. "झालं सायेब. डोयानं पाह्यलं. उघडतो विहीर."

बायकांमध्ये हसू पसरलं. मी मनातल्या मनात मथळासुद्धा लावला. एवढा सुंदर, एवढा सोपा पुरावा मला उभ्या नोकरीत मिळाला नव्हता.

"थांबा," सर म्हणाले.

मला तिथेच कळलं की हा माणूस आता घोळ घालणार.

"हे तुमी पाह्यलं ते खरं हाय. पण पाणी खराब असल्याचं हे कारण नाही. तुमच्या नळाच्या पाण्यात चुन्यासारखं काही जास्त हाय, म्हणून डाळ शिजत नाही. माहा धाक त्याचा नाही, दुसऱ्या खाराचा हाय. शेजारच्या गावचं बोअर तुमच्याहून खराब हाय. तिथला खार निराळा, सोड्यासारखा. त्यात डाळ दोन शिट्ट्यांत गळते. आता याच्या मोबाइलातला हा व्हिडीओ आज तिथं जाईल. ते लोक म्हणतील, आपली डाळ मस्त शिजते, आपलं पाणी अमृत. आन पीत राहतील." मग माझ्याकडे वळून, "पुसून टाक तो."

मागून कोणीतरी विचारलं, "मंग आमी दोन घंटे काय पाह्यलं?"

"डाळ," सर म्हणाले.

हसणारे हसले, बाकीचे उठून धोतर झटकू लागले. सरपंचांचा चेहरा पडला. माझ्या हाताशी पळी होती आणि तिचा उपयोग करावासा वाटत होता. सहा आठवडे आम्ही ज्यासाठी धडपडत होतो ते हातात आलं होतं, आणि ज्याला ते पाहिजे होतं त्यानेच ते खाली टाकलं. मी व्हिडीओ पुसला. अजून वाटतं, एक प्रत ठेवायला पाहिजे होती. आणि लगेच वाटतं, बरं झालं ठेवली नाही.

गयाबाई चुलीजवळून हलली नाही. तिने दोन्ही भगुणी उतरवली, जाळ ओढला आणि पदराला हात पुसत म्हणाली, "सायेब, डाय जाऊ द्या खड्ड्यात. तुमी याच गावात राह्यले असते, तुमची नात माह्या अंगनवाडीत असती, तं तिले कोनतं पाणी पाजलं असतं?"

"विहिरीचं."

"बारा महिने?"

आता तरी हो म्हणा, मी मनात म्हणालो. एक अक्षर आहे.

"नाही. एप्रिल लागला की विहीर खाली जाते आन खालचं खारं वर सरकते. मंग तेही नाही."

"कोनत्या तारखेले?"

"ते मले आज माहीत नाही. मोजल्यावर सांगतो."

"मोजाले कोन येईल?"

"मी."

"तुमी तं मार्चले रिटायर होऊन राहिले म्हन्ते."

"होऊन राहिलो. मंग एसटी काय नोकरीवाल्यालेच बसू देते?"

सरपंच कावले. "असं कसं सायेब? धड हो नाही, धड नाही नाही. लोकाईनं करावं काय?"

गयाबाई त्यांच्याकडे वळली. "भाऊ, नीट आयका. या मानसाले जिथं माहीत नाही तिथं तो माहीत नाही म्हन्ते. जिकून राह्यला होता, तरी डाय खोटी साक्ष देते म्हनला. आता हा विहिरीचं प्या म्हन्ते तं मी पेईन." आणि तिने हात पुढे केला. "चाबी द्या."

सरपंचांनी खिशात हात घातला. चारदोन म्हातारे कुरकुरले, पारव्यांच्या घरट्यावरून एक लांबलचक भाषण झालं, पण जाळी निघाली. पहिली घागर गयाबाईने अंगणवाडीत नेली.

ती बातमी सरांनी माझ्याकडून तीन वेळा लिहून घेतली आणि तीन वेळा बसमध्ये घातली. आता बोलायचं काम माझं होतं, कारण त्यांना पत्र होतं. ते दाराशी उभे राहून अनोळखी प्रवाशासारखे खिडकीबाहेर बघत. तिसऱ्या दिवशी कारंज्याला निघालेल्या एका नवरदेवाच्या मामाने ती बरोब्बर सांगितली. त्या संध्याकाळी मी टेबलावरच्याच्या खुर्चीमागे पान सुटेपर्यंत उभा राहिलो आणि एकही ओळ कापू दिली नाही. त्याने मला शेजारच्या गावचं पाणी पाजायची धमकी दिली. पण बातमी पुरी आली. विहीर वर, एप्रिल तिच्याशेजारी.

मार्चअखेर निरोप समारंभ झाला. सरांनी सत्कार उभ्याने घेतला आणि उत्तराचं भाषण करत करत सभागृहाच्या मागच्या दारातून बाहेर पडले. लोक पाच मिनिटं रिकाम्या दाराला टाळ्या वाजवत होते.

एप्रिलमध्ये ते दर दोन-तीन दिवसांनी त्या गावाला जाऊ लागले. केंद्राची यंत्रं आता हातात नव्हती. खिशातलं एक पेनाएवढं यंत्र त्यांनी स्वतः घेतलं होतं आणि ते बुडवून बघायला गयाबाईला शिकवलं होतं. तीन खेपा ते 'चालते' म्हणाले. चौथ्या खेपेला मी बरोबर होतो. सकाळची वेळ, विहिरीवर बायकांची रांग, घागरी कमरेवर. सरांनी यंत्र बुडवलं, पाहिलं, पुसलं, परत बुडवलं. मग गयाबाईच्या हातात दिलं. तिनेही दोनदा पाहिलं.

"बंद," सर म्हणाले.

रांगेतली एक तरणी सून म्हणाली, "काल तं चांगलं होतं."

"काल होतं," सर म्हणाले.

"तोंडाले तं काहीच लागत नाही सायेब. पाणी बी भरपूर हाय."

"तुमच्या तोंडाले अजून दहा दिवस लागणार नाही. पण आजपासून नाही."

विहिरीत पाणी लखलखत होतं, माझ्या डोळ्यांना दिसत होतं. टँकर आता एक दिवसाआड येणार आणि त्याच्यामागे याच बायका उन्हात धावणार, हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं. मी वाट बघत होतो की आता कोणीतरी भांडेल, कोणीतरी सरांना पेपरातली ती जुनी बातमी ऐकवेल. गयाबाईने जाळी ओढली. त्या सुनेने घागर खाली ठेवून तिला हात लावला. कुलूप लागलं. रांग मोडली, रिकाम्या घागरी घेऊन बायका आपापल्या वाटेने गेल्या, आणि जाता जाता एक म्हातारी दुसरीला सांगत होती की खालचं खारं वर कसं सरकतं.

सर तोवर फाट्याकडे निघालेही होते. त्यांना साडेनवाची बस धरायची होती आणि पुढचं गाव होतं. मी वही काढली.

"ताई, बातमी काय लिहू?"

"लिहा, विहीर बंद झाली. आन काहून बंद झाली तेही लिहा."

"जागा कमी असते. दोन-तीन ओळींचीच येईल. काय झालं आणि का झालं, दोन्ही मावणार नाही."

तिने चाबी कमरेला खोचली आणि आपली रिकामी घागर उचलली.

"मंग बंद झाली ते कापा. ते गावाले माहीत हाय. तुमी नुसतं काहून लिहा."